लकव्यानंतर घरी होणाऱ्या या चुका टाळा

गडचिरोलीच्या गावांमध्ये झालेल्या अभ्यासात (२०१५) लकवा (मेंदूचा झटका) हे मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण निघालं. पहिल्या झटक्यातून वाचलेले कितीतरी जण पुढे न्यूमोनियाने दगावतात. यातले काही तरी नक्की वाचवता येतात, म्हणून हे लिहितो आहे.

मेंदूला इजा झाली की अंगात कॉर्टिसॉल, ॲड्रिनॅलिन ही ताणाची रसायनं वाढतात. त्यामुळे जंतूंशी लढणाऱ्या काही पांढऱ्या पेशी घटतात आणि मंदावतात. पहिल्या आठवड्यात माणूस सगळ्यात उघडा पडतो. साधारण ३० टक्के रुग्णांना या काळात कुठला ना कुठला संसर्ग होतो.

सगळ्यात घातक चूक मायेपोटी होते. बाजेवर आडव्या पडलेल्या बाबांच्या तोंडात चमच्याने पाणी घालतात. अर्धं वाकड्या ओठातून उशीवर सांडतं, उरलेलं श्वासनळीत जाऊ शकतं. ठसका लागेलच असंही नाही, कारण घशाची जाणीवच गेलेली असते. गिळणं तपासल्याशिवाय पाण्याचा घोटही देऊ नका. दवाखान्यात ‘गिळता येतं का, ते बघा’ असं स्वतःहून म्हणा.

परवानगी मिळाली की पाठीला उशा लावून ताठ बसवा, हनुवटी थोडी खाली, एका वेळी लहान चमचा. वरणाचं पाणी हलकं म्हणून देतात, पण पातळ पदार्थच जास्त सटकतो. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर मऊ भात, घट्ट कण्या बऱ्या. घासानंतर आवाज घोगरा, ओला वाटला तर थांबा. जेवणानंतर लुळ्या बाजूच्या गालात अडकलेली शितं बोटाला कापड गुंडाळून काढा, दात घासा, आणि अर्धा तास निजवू नका.

लघवीची नळी ‘सोयीची’ म्हणून ठेवू नका. कधी काढायची ते विचारत राहा. पिशवी कमरेच्या खाली, पण जमिनीला न टेकता. दर दोन तासांनी कूस बदला. भेटायला येणाऱ्यांत कुणाला सर्दी-खोकला असेल तर अंगणातूनच परत पाठवा. आपल्याकडे हे बोलणं जड जातं, तरी बोला.

मेडिकलमधून आधीच अँटिबायोटिक आणून देऊ नका. नेदरलँड्स आणि ब्रिटनमधल्या मोठ्या चाचण्यांत त्याने न्यूमोनिया टळला नाही. ताप, धाप, लागणारी गुंगी किंवा लघवीला घाण वास, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन लावा.