आईच्या वर्षश्राद्धाला रक्तदान शिबिर घ्यायचं असेल तर
तिथी अडनिड्या वारी आली तर घरचे विधी त्याच दिवशी उरका, शिबिर रविवारी ठेवा. रक्तपेढीला महिनाभर आधी सांगा. खाटा, पिशव्या, डॉक्टर त्यांचेच असतात. निरोपातच लिहा: वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५, दोन रक्तदानांत पुरुषांना ३, बायकांना ४ महिन्यांचं अंतर. भाषणं नकोत. फोटो लावा, पदर खोचलेलाही चालेल.

खरं काम खाण्याच्या टेबलावर. आमची आई दर शिबिरात तेच सांभाळायची. उपाशीपोटी आलेल्याला आधी उपमा, मग सुई! रक्त दिल्यावर १५ मिनिटं उठू द्यायची नाही. "बस रे बाळा," म्हणत सरबताचा दुसरा पेला हातात. तिथे घरचंच माणूस बसवा, तेही दटावणारं. भिडस्त भाचा नको.