मेंदूच्या औषधांच्या संशोधनात यायचंय? आधी कान तयार करा

फोंड्याची, डिचोलीची बी.फार्म. झालेली मुलं मला दरवर्षी एकच विचारतात, "ताई, सीएनएसमध्ये शिरायचं कसं?" सीएनएस म्हणजे मेंदू आणि मज्जासंस्था. नैराश्य, स्किझोफ्रेनिया, पार्किन्सन, अपस्मार यांवरची औषधं या खात्यात येतात. वीस वर्षं मी या कामात आहे. त्यातला बराच काळ ट्रायलमधल्या, म्हणजे माणसांवरच्या औषधचाचणीतल्या, रुग्णांच्या मुलाखती घेऊन आजाराच्या तीव्रतेला गुण देण्यात गेला, म्हणून माझा सल्लाही तिथूनच येणार.

कोर्स शोधण्याआधी एक औषध निवडा आणि त्याची जन्मपत्रिका मांडा. मी झॅनोमेलिन घ्यायला सांगते. १९९०च्या दशकात अल्झायमरच्या रुग्णांवर ते तपासलं गेलं, तेव्हा भास आणि चिडचिड कमी होताना दिसली. पण उलट्या, मळमळ, घाम यांनी रुग्ण बेजार झाले आणि औषध बाजूला पडलं. पुढे कुणीतरी त्याला ट्रॉस्पियमची जोड दिली. हे लघवीच्या त्रासावरचं जुनं औषध. ते रक्तातून मेंदूत जवळजवळ शिरतच नाही, त्यामुळे झॅनोमेलिनचा पोटातला उपद्रव अडवतं आणि मेंदूतल्या कामाला हात लावत नाही. सप्टेंबर २०२४मध्ये या जोडगोळीला अमेरिकेत स्किझोफ्रेनियासाठी मान्यता मिळाली. लगेच नोव्हेंबरमध्ये त्याच वाटेवरचं एम्राक्लिडीन हे औषध ट्रायलच्या दुसऱ्या टप्प्यात प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या हुबेहूब गोळीपेक्षा, सरस ठरलं नाही. प्लासिबो घेणाऱ्यांनाही बराच आराम पडला होता. ही दोन उदाहरणं शेजारी ठेवून महिनाभर वाचा. रसायन, प्राणिप्रयोग, मात्रा, ट्रायलची आखणी, सगळे धडे त्यांत आहेत.

आता मोजणं. रक्तदाबाला यंत्र आहे, उदासीला नाही. तिथे आपला कान हेच यंत्र. नैराश्यासाठी १९७९ची माड्रस मापनपट्टी आहे. तिच्यात १० प्रश्न, प्रत्येकाला ० ते ६ गुण. स्किझोफ्रेनियासाठी पॅन्स, ३० मुद्दे, प्रत्येकी १ ते ७. म्हणजे पूर्ण निरोगी माणसाचेही ३० गुण होतात. गुण ९० वरून ६० वर आले तर सुधारणा किती? नवखी मुलं एक तृतीयांश म्हणतात. मुळातले ३० वजा करा, ६० चे ३० झाले, म्हणजे निम्मी. मुलाखतीत हा प्रश्न मी हमखास विचारते.

पण आकड्यांपेक्षा अवघड आहे ते ऐकणं. सुरुवातीच्या वर्षात एक आजी समोर बसल्या होत्या. भुकेबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "बाय, म्हाका आतां कितेंच नाका." (मला आता काहीच नको.) मी भुकेच्या रकान्यात ४ लिहिले आणि पुढे सरकले. पुढच्या भेटीला आमच्या डॉक्टरांनी तेच वाक्य धरून शांतपणे विचारलं, "कितेंच म्हळ्यार कितें?" (काहीच म्हणजे काय?) आजी खाली बघत म्हणाल्या, "देवान म्हाका व्हरचें." (देवाने मला न्यावं.) तो माड्रसमधला शेवटचा, आत्महत्येच्या विचारांचा प्रश्न होता आणि मी तो आठवडाभर कोरा सोडल्यासारखाच सोडला होता. आजींना त्याच दिवशी नीट उपचारांखाली घेतलं, त्या सावरल्या. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. तेव्हापासून माझ्या वहीत कोकणी-मराठी वाक्यं लिहून ठेवते: "जिवाक बरें ना", "काळीज धडधडतं", "कशातच मन लागत नाही". प्रत्येकापुढे पुन्हा काय विचारायचं तेही. अशी वही तुम्ही कॉलेजात असतानाच सुरू करा. घरच्या, शेजारच्या माणसांची नावं मात्र तिच्यात नकोत.

दुसरी सवय मोडायला जड जाते, कारण ती चांगुलपणाची आहे. रुग्ण आला की आपण चहा विचारतो, पाठीवर हात ठेवतो आणि म्हणतो, "आता बरं वाटतंय ना?" त्या "ना"ला नाही कोण म्हणणार? आपल्याला बरं वाटावं म्हणून माणसं हो म्हणतात आणि प्लासिबोचे आकडे फुगतात. चहा जरूर द्या. प्रश्न मात्र एवढाच ठेवा: "गेल्या आठवड्यात कसं होतं?" मग गप्प बसा.

संमती घेतानाही तसंच. मुलगा किंवा सासू पुढे होऊन उत्तरं देतात. रुग्णाला वेगळं बसवून विचारा आणि "तुम्हाला औषध नसलेली गोळीही मिळू शकते" हे सरळ शब्दांत सांगा. २०१९चे नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियम मुळातून वाचा. नव्या रेणूच्या चाचणीत असुरक्षित गटातला सहभागी असेल, तर संमतीचं ध्वनिचित्रमुद्रण का लागतं हे तेव्हा कळेल.

नोकरीचं स्पष्ट सांगते. वेर्ण्याला औषध कारखाने पुष्कळ, पण तिथलं बहुतेक काम उत्पादनाचं आणि गुणवत्ता तपासणीचं. ते करून थेट ट्रायलमध्ये उडी मारता येत नाही. गोव्यात राहून पाया घालायचा तर बांबोळीच्या मनोरुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कशी चालते ते परवानगी काढून पाहा. पर्वरीच्या 'संगाथ' संस्थेचं काम अभ्यासा. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या प्रशिक्षित समुपदेशकांनी नैराश्यावर केलेल्या उपचारांची त्यांची चाचणी २०१७मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. त्यात गोळी नाही, पण यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेली, चाचणी आपल्या गावात कशी उभी राहते ते दिसतं.

आणि आज रात्रीच सीटीआरआयची, म्हणजे भारतातल्या क्लिनिकल ट्रायलची, ऑनलाइन नोंदवही उघडा. जून २००९पासून देशातल्या ट्रायलची नोंद तिथे सक्तीची आहे आणि ती कुणालाही फुकट वाचता येते. 'डिप्रेशन' टाका, एक नोंद निवडा आणि तीन गोष्टी वहीत उतरवा: कुणाला घेतलं, कुणाला वगळलं, कोणत्या मापनपट्टीने कितव्या आठवड्यात मोजलं. अशा वीस नोंदी झाल्या की मला दाखवायला आणा.