नंबर काढून घेताना

ठाण्यात गोखले रोडवर किंवा राम मारुती रोडवर चष्म्याच्या दुकानात शिरले, की पंधरा मिनिटांत नंबर निघतो आणि अनेकदा त्याचे पैसेही द्यावे लागत नाहीत. ही सोय उपयोगाची आहे, परंतु नंबर काढणे वेगळे आणि डोळे तपासणे वेगळे. माझे वडील कित्येक वर्षे दुकानातच नंबर काढून घेत आणि दर वेळी तक्त्यावरची शेवटची ओळ बिनचूक वाचत. पुढे मोतीबिंदूसाठी नेत्रतज्ज्ञांकडे गेले, तेव्हा एका डोळ्याची कडेची दृष्टी काचबिंदूने जवळजवळ नेली असल्याचे कळले. काचबिंदू बहुधा दुखत नाही, समोरचे दिसणे शेवटपर्यंत शाबूत ठेवतो, आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. म्हणून चाळिशी लागली की एकदा तरी नेत्रतज्ज्ञांकडून डोळ्यांचा दाब आणि बाहुली मोठी करून मागचा पडदा तपासून घ्यावा, आणि पुढची तपासणी कधी करायची हे त्यांनाच विचारावे. घरात कोणाला काचबिंदू असेल तर चाळिशीची वाट पाहू नये. मधुमेह असेल तर पडद्याची तपासणी दर वर्षी करावीच.

तपासणीला जाताना जुना चष्मा, जुनी चिठ्ठी आणि चालू औषधांची नावे सोबत न्यावीत. बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांचा परिणाम काही तास राहतो, त्या वेळात जवळचे अंधूक दिसते आणि ऊन सहन होत नाही. त्यामुळे स्वतः स्कूटर चालवत जाऊ नये. साखर वरखाली होत असेल तर नंबरही बदलत राहतो, म्हणून ती काही आठवडे स्थिर झाल्यावरच चष्मा करावा. नाहीतर महिन्याभरात तो निरुपयोगी ठरतो.

अक्षरांचा तक्ता ६ मीटरवर असतो. खोली लहान असल्यास आरशाच्या साहाय्याने तेवढे अंतर साधतात. संगणकीय यंत्राने दिलेला नंबर हा केवळ अंदाज असतो. खरा नंबर ठरतो तो चाचणीच्या फ्रेममध्ये काचा बदलत विचारलेल्या ‘हे बरे की ते?’ या प्रश्नाच्या उत्तरांवरून. येथे घाई करू नये, डोळे बारीक करून वाचू नये, आणि फरक जाणवत नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. उणे नंबर वाढवल्यावर अक्षरे अधिक स्पष्ट होत नसून नुसतीच लहान आणि काळी दिसू लागली, तर तेही सांगावे, कारण अनावश्यक नंबर बहुधा तेथेच वाढतो. शेवटी तीच फ्रेम घालून थोडे चालून पाहावे, खिडकीतून रस्त्यावरची पाटी आणि हातातला मोबाइल वाचून पाहावा.

मुलांची गोष्ट निराळी आहे. त्यांचा डोळा ताण देऊन नंबर लपवू शकतो, म्हणून त्यांचा नंबर थेंब घालूनच काढावा लागतो. काही थेंबांचा परिणाम अनेक दिवस टिकतो, तेव्हा परीक्षा टाळून दिवस निवडावा. एकच डोळा कमजोर असेल तर मूल तक्रार करत नाही, दुसऱ्या डोळ्यावर काम भागवते, आणि कमजोर डोळा आळशी होत जातो. यावरचे उपचार लहान वयात, साधारण सात-आठ वर्षांच्या आत, सर्वांत चांगले लागू पडतात. शाळेत घालण्यापूर्वी तपासणी करावी ती यासाठी.

चिठ्ठी हातात मागून घ्यावी. उणे चिन्ह लांबच्या दिसण्यासाठी, सिलिंडर म्हणजे डोळ्याच्या असमान गोलाईचा नंबर आणि त्याची दिशा सांगणारा १ ते १८० अंशांमधील अक्ष नेहमी जोडीने, आणि ‘ॲड’ म्हणजे चाळिशीचा वाढीव नंबर. दोन बाहुल्यांमधील अंतरही मिलिमीटरमध्ये लिहून घ्यावे, कारण काचेचा मध्य बाहुलीसमोर आला नाही तर अचूक नंबरही डोके दुखवतो.

नंबर मोठा असेल तर महागड्या पातळ काचेच्या आधी लहान फ्रेम निवडावी. मुलांसाठी सहजासहजी न फुटणारी पॉलिकार्बोनेट काच घ्यावी. निळा प्रकाश अडवणाऱ्या काचेने संगणकावरचा ताण कमी होतो असे अभ्यासांत आढळलेले नाही. संगणकाच्या पडद्यासमोर पापण्या कमी लवतात, तिकडे लक्ष द्यावे. काचेवरची चमक कमी करणाऱ्या अँटिग्लेअर कोटिंगवर मात्र पैसे जरूर खर्चावेत. रात्री घोडबंदर रोडवर समोरून दिवे येताना त्याचा उपयोग जाणवतो. वरून लांबचे आणि खालून जवळचे दाखवणाऱ्या प्रोग्रेसिव्ह काचेच्या खालच्या भागातून पायऱ्या अंधूक दिसतात, म्हणून ठाणे स्थानकाच्या पुलावर गर्दीत उतरण्यापूर्वी काही दिवस घरी सवय करावी, आणि उतरताना नजर नव्हे, मान खाली करावी.

कॉन्टॅक्ट लेन्ससाठी चष्म्याची चिठ्ठी पुरत नाही. बुबुळाची गोलाई मोजावी लागते, आणि नंबर साधारण ४ च्या पुढे असेल तर लेन्सचा नंबर चष्म्यापेक्षा वेगळा येतो. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करूनच लेन्सला स्पर्श करावा. लेन्स किंवा तिची डबी पाण्याने कधीही धुऊ नये, अगदी गाळलेल्या किंवा उकळलेल्याही नाही. पाण्यातील अकँथामीबा हा सूक्ष्म जीव बुबुळात शिरला तर उपचार महिनोन्‌महिने चालतात. पोहताना, पावसात भिजताना, रंगपंचमीला लेन्स नको. ठाणे–वाशी गाडीत परतताना ज्यांचा डोळा लागतो, त्यांनी त्या प्रवासापुरता चष्माच घालावा. डबीतील जुन्या द्रावणात नवे मिसळू नये, डबी तीन महिन्यांनी बदलावी, आणि महिन्याची लेन्स पाकीट उघडल्यापासून महिन्याने टाकावी, मग ती चारच दिवस वापरलेली का असेना.

डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा उजेड सहन होईना, तर लेन्स ताबडतोब काढावी. औषधाच्या दुकानातून विचारून आणलेले थेंब घालू नयेत, कारण त्यांत स्टेरॉइड असल्यास जंतुसंसर्ग बळावतो. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे आणि काढलेली लेन्स डबीसह सोबत न्यावी. तिच्या तपासणीतून जंतू ओळखण्यास मदत होते.