टपावर सामान न्यायचंय? एसयूव्हीसाठी रूफ रॅक निवडावा कसा, बसवावा कसा

डिकी भरून झाली, मागच्या सीटवर पायाशी पिशव्या आल्या, एक बॅग अजून दारातच उभी आहे, आणि कोणीतरी म्हणतं, “टपावर टाकू या की!” एसयूव्हीचा टप लांब-रुंद दिसतो, त्यावर दोन चकचकीत रेलही असतात. त्यामुळे हवं तेवढं वर चढवावं असं वाटणं साहजिक आहे. पण चालत्या गाडीच्या टपाला पेलवणारं वजन बहुधा एका मोठ्या माणसाच्या वजनाएवढंच असतं. हा आकडा माहीत नसताना रॅक घेतला की पुढचं सगळं चुकत जातं. म्हणून रॅक बघायच्या आधी आपली गाडी बघायची.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. रूफ रॅक म्हणजे मुळात दोन आडवे दांडे, क्रॉसबार. पेटी, जाळी, सायकलची चौकट हे सगळं नंतर त्या दांड्यांवर चढतं. त्यामुळे खरी निवड दांड्यांची आणि ते टपाला धरणाऱ्या चार पायांची.

आधी टप बघा

रेलखाली बोटं घालून पाहा. बोटं आरपार गेली तर ते उंच रेल. यांच्यावर दांडे बसवणं सगळ्यांत सोपं, कारण पायाचा जबडा रेलला खालून-वरून धरतो. रेल टपाला लागून असेल, मध्ये फट नसेल, तर त्या आकाराला बसणारे वेगळे पाय लागतात. काही गाड्यांना रेलच नसतात, पण टपाच्या कडेच्या खाचेत चार छोटी झाकणं असतात. झाकण उचललं की खाली आटे पाडलेली भोकं दिसतात, तिथे पाय बोल्टने बसतात. यातलं काहीच नसेल तर दाराच्या वरच्या चौकटीला आकड्याने धरणारे पाय मिळतात. ते गाडीच्या मॉडेलनुसारच घ्यावे लागतात, कारण आकड्याचा बाक त्या चौकटीला तंतोतंत जुळावा लागतो.

आता जरा गोम. काही गाड्यांवरचे रेल निव्वळ शोभेचे असतात. दिसायला भक्कम, पण वजन घेण्यासाठी बनवलेलेच नसतात. हात लावून हे नक्की कळत नाही, गाडीच्या मॅन्युअलमध्ये कळतं. तिथे टपावर सामान नेऊ नका असं लिहिलं असेल तर विषय तिथेच संपला.

आणि टपाला ड्रिलने भोकं पाडून रॅक ठोकून देतो असं कोणी म्हणालं, तर नम्रपणे गाडी बाहेर काढा. भोकातून पाणी झिरपतं आणि गंज धरतो, हे झालंच. त्याहून गंभीर गोष्ट अशी की बऱ्याच गाड्यांत खिडक्यांवरून खाली उलगडणारी पडदा एअरबॅग टपाच्या कडेलाच, आतल्या अस्तराखाली गुंडाळलेली असते. नेमकं तिथेच ड्रिल चालवणं परवडणारं नाही.

किलोंचा हिशेब

मॅन्युअलमध्ये रूफ लोड किंवा टपावरील कमाल भार असा आकडा शोधा. कुटुंबासाठीच्या बहुतेक एसयूव्हींना तो ५० ते १०० किलोंच्या दरम्यान असतो. ७५ हा तर बऱ्याचदा दिसणारा आकडा. गंमत अशी की लोक हा आकडा सामानाचा समजतात. तो सामानाचा नसतो, टपावर जे जे आहे त्या सगळ्याचा असतो.

समजा मर्यादा ७५ किलो आहे. दोन दांडे आणि पाय मिळून ६ किलो. वरची पेटी १९ किलो. उरले ५०. म्हणजे मध्यम आकाराच्या तीन भरलेल्या बॅगा, फार तर. शिवाय दांड्यांची स्वतःची मर्यादा असते, पेटीची वेगळी असते. टप ७५ किलो घेत असला आणि दांड्यावर ६० लिहिलेलं असलं, तर ६०. नेहमी सगळ्यांत लहान आकडा धरायचा. टपावरचं वजन गाडीच्या एकूण भारातही मोजलं जातं, त्यामुळे सगळ्या सीट भरलेल्या असतील तेव्हा टपाची मर्यादा पाळूनही गाडी एकंदरीत जास्त भरली जाऊ शकते.

बॅगेचं वजन अंदाजाने सांगू नका. मी स्वतः अंदाजात दरवेळी कमीच सांगतो. घरातल्या वजनकाट्यावर बॅग घेऊन उभे राहा, मग बॅगेशिवाय, आणि वजाबाकी करा.

काही मॅन्युअलमध्ये उभ्या गाडीसाठी दुसरा, बराच मोठा आकडा असतो. तो टपावरच्या तंबूसाठी कामाचा, कारण रात्री गाडी उभी असते. चालत्या गाडीला तो लावू नका. वळणावर, खड्ड्यात आणि ब्रेकवर त्याच वजनाचा जोर वेगळाच असतो. जोरात ब्रेक दाबला की ५० किलोंची पेटी सहज ४० किलोंच्या जोराने पुढे ओढली जाते, आणि ती ओढ त्या चार पायांवर येते.

वर काय ठेवणार?

कुटुंबासाठी माझं मत सरळ आहे: कुलूप लागणारी बंद पेटी. उघडी जाळी दिसते मर्दानी, पण पाऊस आला की ताडपत्री, ताडपत्री आली की दोऱ्या, दोऱ्या आल्या की फडफड. वर्षातून एक-दोनदाच लागत असेल तर घडी होणारी कापडी बॅग पुरते. शिवणीतून थोडं पाणी येणार हे मात्र गृहीत धरा आणि आतलं सामान प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधा. सायकली, लांब फळ्या, शिडी असलं नेहमी असेल, तर सपाट प्लॅटफॉर्म चांगला. फक्त तो स्वतःच बराच जड असतो, ते वजन वरच्या हिशेबातून आधी वजा करा.

दांडे चौकोनी पोलादी घ्यावेत की विमानाच्या पंखासारखे चपटे ॲल्युमिनियमचे? चौकोनी स्वस्त आणि दणकट, पण वेग वाढला की घोंघावतात. दांडे वर्षभर टपावर राहणार असतील तर चपटेच घ्या. घेताना आयएसओ १११५४ या क्रमांकाचा उल्लेख आहे का तेही पाहा. वाहनांच्या टपावरच्या सामानवाहकांसाठीचं ते आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे.

पैसे देण्याआधी मोजपट्टी काढा आणि तीन मापं घ्या. मागचा दरवाजा पूर्ण उघडा. त्याची वरची कड टपावर किती पुढे येते? तिथे पेटी आली तर दरवाजा तिच्यावर आपटणार. दुसरं, सनरूफ. तिरकी वर उचलली जाणारी किंवा टपाच्या बाहेरून मागे सरकणारी काच दांड्याला लागते का ते बघा. तिसरं, टपाच्या मागच्या टोकावरचा, माशाच्या परासारखा अँटेना पेटीखाली दबत नाही ना.

बसवताना

घाई नसलेल्या दिवशी, सपाट जागेवर आणि शक्यतो दोघांनी मिळून करायचं काम आहे. पहिल्या वेळी तासभर धरा. नंतर पंधरा-वीस मिनिटं पुरतात.

१. टप आणि रेल धुऊन कोरडे करा. रबरी पॅडखाली अडकलेला वाळूचा एक कण महिनाभरात रंगावर पांढरी चंद्रकोर काढतो. पुसलेल्या जागेवरून एकदा बोट फिरवा. बोटाला खरखर लागली तर परत पुसा.

२. सगळे भाग जमिनीवर मांडा. टप पुढे आणि मागे सारखा रुंद नसतो, त्यामुळे पुढचा आणि मागचा दांडा वेगळा असू शकतो. पायांवर आणि पॅडवर पुढे-मागे, डावा-उजवा अशा खुणा असतात. चपट्या दांड्याची गोलसर, जाड कड पुढे आणि निमुळती मागे. मी एकदा पुढचा दांडा उलटा बसवला होता. ताशी ६० च्या पुढे गाडी शीळ घालायला लागली. खिडक्यांचे रबर तपासले, दारं उघडून परत लावली, अर्धा दिवस गेला. शेवटी दांडा फिरवला आणि आवाज बंद.

३. दोन दांड्यांमधलं अंतर रॅकच्या कागदावर दिलेलं असतं, तेच ठेवा. अंतर मोकळं असेल तर बऱ्याच पेट्यांना ७० सेंटिमीटरच्या आसपास चालतं, पण पेटीच्या पकडीची मापं आधी बघा. लांब सामानाला अंतर जितकं जास्त तितकं बरं.

४. दांडे नुसते टेकवा, बोल्ट हातानेच फिरवा. समोरच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यापासून दांड्याच्या टोकापर्यंत डावीकडे आणि उजवीकडे मोजा. दोन्ही माप सारखं यायला हवं. दांडा बाहेर किती डोकावतो तेही दोन्हीकडे सारखं करा.

५. आता आवळा, पण आळीपाळीने. डावीकडे दोन फेरे, उजवीकडे दोन फेरे. एक बाजू आधी पूर्ण आवळली की दांडा तिकडे ओढला जातो आणि दुसरा पाय तिरका बसतो. बऱ्याच रॅकबरोबर ठरावीक जोराला ‘कट’ आवाज करणारी चावी येते. तो आवाज आला की थांबायचं. चावी नसेल तर टॉर्क पाना, म्हणजे किती जोराने आवळायचं ते ठरवून देता येणारा पाना घ्या आणि कागदावरचा आकडा लावा. तो छोटाच असतो. उदाहरणार्थ ६ न्यूटन मीटर म्हणजे २० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला जेमतेम ३ किलोंचा जोर. ‘अजून जरा घट्ट असू दे’ म्हणून अंगाचं वजन टाकलं की आटे जातात, नाहीतर दाराची चौकट दबते.

६. दांडा दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवा. दांड्याबरोबर गाडी हलली पाहिजे. गाडी शांत आणि दांडाच हलतोय, तर सोडवून परत बसवा. मग चारही दारं उघडून बंद करा, कुठे घासत नाहीत ना ते पाहा.

७. पेटी दोघांनी उचलून ठेवा, गाडीच्या मधल्या रेषेत किंवा ज्या बाजूने उघडते तिकडे थोडी सरकवून. पेटी बसली की मागचा दरवाजा हळूहळू, हाताने धरून वर न्या. बटणावर उघडणारा असेल तर पहिल्या वेळी शेजारी उभे राहा.

यानंतर सामान न ठेवता जवळच एक चक्कर मारा आणि परत येऊन बोल्ट तपासा. पुन्हा ४०-५० किलोमीटरनंतर. रबर दबून बसतं, तेवढ्याने पकड सैल होते. ही दुसरी तपासणी बहुतेकजण गाळतात.

भरणं आणि बांधणं

जड सामान डिकीत, हलकं आणि जागा खाणारं टपावर. गाद्या, जॅकेटं, तंबू, झोपायच्या पिशव्या. पेटीत जड वस्तू दोन दांड्यांच्या मधोमध ठेवा आणि मोकळी जागा कपड्यांनी ठासून भरा, म्हणजे आत काही सरकत नाही.

उघड्या सामानाला पट्टे वापरा. ताणले जाणारे रबरी दोर फक्त ताडपत्री दाबायला, वजन धरायला नव्हेत. पट्टा सपाट, ताणून बांधला की वाऱ्यात तो तंबोऱ्याच्या तारेसारखा गुणगुणतो. बांधताना त्याला एक-दोन पीळ द्या, आवाज जातो. सुटं टोक गाठ मारून आत खोचा. गादी किंवा प्लायवूडची फळी यांच्या बाबतीत मात्र पुढच्या टोकाला बंपरखालच्या हुकापर्यंत वेगळा दोर हवाच. ताशी १०० किलोमीटरला एका चौरस मीटरवर समोरून येणाऱ्या हवेचा जोर ४५ ते ५० किलोंच्या घरात जातो. फळीचं पुढचं टोक थोडं जरी उचललं गेलं तरी वारा तिच्याखाली शिरतो आणि मग दांड्यावरचे पट्टे एकटे पडतात.

चालवताना गाडी वेगळी वाटेल. वळणावर जास्त कलते, थांबायला जास्त अंतर घेते, उघड्यावरच्या वाऱ्यात ढकलली जाते. वेग ८० ऐवजी ११० ठेवलात तर हवेचा जोर जवळजवळ दुप्पट होतो. इंधनाच्या काट्यात तो लगेच दिसतो.

उंची मोजून एका चिठ्ठीवर लिहा आणि ती स्टिअरिंगजवळ चिकटवा. १.७ मीटरची गाडी, १० सेंटिमीटरचे दांडे, ४० सेंटिमीटरची पेटी, झाले २.२ मीटर. तळघरातल्या पार्किंगच्या दाराशी, मागे गाड्यांची रांग लागलेली असताना, हा आकडा आठवत नाही.

काढून ठेवताना

काम झालं की पेटी काढा, जमलं तर दांडेही. रिकामा रॅकही हवा अडवतो, आणि ब्रशवाल्या स्वयंचलित धुलाईत तो चालतच नाही. काढण्याआधी रेलच्या आतल्या बाजूला, पायाच्या दोन्ही कडांशी, चिकटपट्टीचे बारीक तुकडे लावून ठेवा. पुढच्या वेळी मोजपट्टी लागत नाही. बोल्ट, वायसर आणि ती ‘कट’ करणारी चावी एका पिशवीत घालून पिशवी दांड्यालाच बांधा. कुलपाच्या किल्लीवरच्या क्रमांकाचा फोटो फोनमध्ये असू दे. किल्ली हरवली तर त्या क्रमांकावरून बहुधा दुसरी मागवता येते, नाहीतर पेटीचं झाकण तोडून सामान काढायची वेळ येते.