कोजागिरीच्या फोटोंतले काळे पट्टे असे घालवले

गच्चीवर एलईडी दिव्यांखाली मोबाइलने काढलेल्या फोटोंत आडवे काळे पट्टे यायचे. कारण आपल्या विजेत आहे. ती ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. कॅमेऱ्याच्या 'प्रो' मोडमध्ये (जिथे सेटिंग आपणच ठरवतो) शटर, म्हणजे उजेड आत घ्यायचा वेळ, १/५० सेकंदावर आणि आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, ८०० च्या आसपास ठेवला. तेवढ्या वेळात दिवा बरोबर दोनदा लुकलुकतो, म्हणून पट्टे गेले! १/१०० लाही जातात, पण उजेड निम्माच मिळतो.

फ्लॅश बंदच ठेवला; त्याने चेहरे पांढरेफटक दिसतात आणि मागची माणसं अंधारात जातात. त्यापेक्षा आजीला दिव्याकडे तोंड करून बसवलं, कोपरं कठड्यावर टेकवून फोन धरला. मसाला दुधावरची केशराची काडीसुद्धा स्पष्ट आली. फुगडी घालणाऱ्या पोरी मात्र १/५० ला पुसट येतात. त्यांना गिरकी थांबतानाच टिपावं.