घरच्या कुंड्यांमधून साइड इन्कम, माझा अनुभव (नवीन लोकांसाठी)

आधीच सांगते, टोमॅटो विकून पैसे सुटतील या भरवशावर सुरू करू नका. मी केलं होतं. एका झाडाला एक मोठी कुंडी अडते, वर काठी, खत, तीन महिने रोजचं पाणी, आणि पहिला तोडा किती तर पाच फळं, ती पण घरातच संपली. खर्च मांडायला बसले तर माती-खताचे पैसेसुद्धा निघाले नव्हते.

पण झालं काय, बी उगवेल की नाही या भीतीने मी ट्रेमधे भरमसाट टाकलं होतं आणि ते जवळपास सगळंच उगवलं. फेकवेना, म्हणून जास्तीची रोपं शेजारणीला दिली, तिने आग्रहाने पैसे दिले आणि आठवड्याभरात तिच्या बहिणीने अजून दहा मागितली. तेव्हा कुठे ट्यूब पेटली की आपण फळं नाही, रोपं विकायची! रोप पाच-सहा आठवड्यांत हातावेगळं होतं आणि खिडकीतल्या एका फळीवर पन्नास मावतात.

आता यातली गोची. एके दिवशी सकाळी बघते तर अर्धा ट्रे आडवा, पानं हिरवीगार पण देठ मातीलगत दोऱ्यासारखा बारीक झालेला. याला रोपं कोलमडणं म्हणतात, बुरशीमुळे होतं, आणि दाट पेरणी, कोंदट हवा, सतत ओली माती असली की हमखास होतं. आडवी पडलेली रोपं काही वाचत नाहीत. तेव्हापासून ट्रे धुतल्याशिवाय परत वापरत नाही, बी विरळ टाकते आणि पाणी ट्रेच्या खालून देते, तेही वरची माती सुकल्यावरच.

दुसरी चूक जास्त लाजिरवाणी होती. खिडकीत वाढलेली रोपं मी तशीच विकली, लोकांनी ती थेट उन्हात लावली आणि दोन दिवसांत पानं पांढरी पडली. सगळ्यांना बदलून द्यावी लागली. विकायच्या आधी आठ-दहा दिवस रोज थोडं थोडं ऊन वाढवत न्यायचं असतं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

फुलांमधे नवीन माणसाने झिनिया घ्यावा असं माझं मत, बी पेरल्यापासून साधारण दोन महिन्यांत फुलतो आणि जितका कापाल तितके फुटवे येतात, फक्त वीतभर झाला की शेंडा खुडा (जीव वर-खाली होतो पण खुडाच). कापायच्या आधी दांडा फुलाच्या खाली वीतभरावर धरून हलवून बघा, मान लुळी पडली तर थांबा, ताठ राहिली तर कापा. कापायचं सकाळी लवकर आणि लगेच पाण्यात. आणि फुलांची बादली पिकत्या फळांजवळ ठेवू नका, मी कार्नेशन रात्रभर केळ्यांशेजारी ठेवले आणि सकाळी पाकळ्या आत वळून सगळे मलूल! फळं पिकताना इथिलीन वायू सोडतात, त्याने फुलं लवकर म्हातारी होतात.

विक्रीचं म्हणाल तर आठवड्याचा एकच वार ठरवा, आधी ऑर्डर घ्या मग पेरा, आणि दर दोन आठवड्यांनी थोडं थोडं पेरत रहा नाहीतर एकदम शंभर रोपं तयार आणि घेणारे चार. तुमच्या भागात घरून विकायला परवाना लागतो का ते बघून घ्या. हायब्रिड झाडाचं घरी धरलेलं बी वापरून रोपं विकू नका, पुढची पिढी तशीच निघत नाही आणि मग गिऱ्हाईक परत येत नाही.

हो, आणि लेबल लावा. मिरची आणि ढोबळी मिरचीची रोपं लहानपणी अगदी सारखी दिसतात, मी एकदा अदलाबदल केलीये आणि ते दोन महिन्यांनी फळं धरल्यावर कळलं, तेही गिऱ्हाइकाच्या फोनवरून. लेबल पेन्सिलने लिहा, पेनाची शाई उन्हात उडून जाते.