विहिरीचं पाणी तपासायला देताना

पाण्याचा विषय निघाला की आमच्या कृष्णाकाठी प्रश्न ठरलेला, "टीडीएस किती आला?" मी गावचा जलसुरक्षक, नमुने गोळा करणं माझं कामच. टीडीएसचा मीटर वाईट नाही, पण तो नुसता एकूण क्षारांचा अंदाज देतो. उसाच्या पट्ट्यात खरी भानगड नायट्रेटची, म्हणजे खतातून नि सांडपाण्यातून पाण्यात उतरणाऱ्या नत्राच्या क्षाराची. त्याला ना रंग, ना वास.

आधी शिवारफेरी मारा. एका विहिरीचा रिपोर्ट त्या विहिरीपुरताच असतो. गावठाणाच्या वरच्या अंगाची एक, गावठाणातली एक, खाली ओढ्याकाठची एक आणि एखादी बोअर, एवढं तरी धरा. उकिरडा, गोठा, संडासाचा शोषखड्डा किती पावलांवर आहे, युरिया शेवटचा कधी टाकला, हे वहीत टिपा. नमुने मे महिन्यात एकदा आणि पाऊस उघडल्यावर ऑक्टोबरात पुन्हा.

बोअरची मोटर दहा मिनिटं चालू द्या. पाइपात तुंबलेलं पाणी तपासून काय उपयोग? विहिरीत बाटलीला दगड बांधून हातभर खाली सोडा, वरचा तवंग नको. लिटरची स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळून काठोकाठ भरायची. फवारणीच्या औषधाची धुतलेली बाटली चालत नाही (आणतात लोक!). जंतूंसाठी मात्र प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली घ्या. ती विसळायची नाही, थोडी रिकामी ठेवायची आणि बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी पोचवायची. विहीर, तारीख, वेळ बाटलीवर जागेवरच लिहा. घरी जाऊन लिहू म्हटलं की अदलाबदल झालीच म्हणून समजा.

रिपोर्ट आला की आधी नायट्रेट बघा. पिण्यासाठी मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. पण कागदावर 'नायट्रेट नायट्रोजन' (नायट्रेटमधलं नुसतं नत्र) छापलं असेल तर मर्यादा १० धरायची. तिथं २० दिसलं आणि तुम्ही ते ४५शी ताडलं, तर दुप्पट खराब पाणी चांगलं समजून प्याल. फ्लोराइड १.५च्या वर नको. नायट्रेट, क्लोराइड आणि जंतू तिन्ही चढलेले असतील तर बहुधा उकिरडा नाहीतर शोषखड्डा झिरपतोय. जंतू नाहीत आणि विहीर उसात असेल, तर माझा संशय युरियावर. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून जंतू मरतात, नायट्रेट हलत नाही. उकळल्यानं तर पाणी आटून ते लिटरमागं वाढतंच. वरचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला असलं पाणी अजिबात देऊ नका; रक्ताला प्राणवायू नेता येत नाही, बाळ निळं पडतं.

रानाचा हिशेब वेगळा. ईसी (पाण्याची वीज वाहण्याची क्षमता, म्हणजेच खारटपणाचं माप) २२५० मायक्रोसीमेन्सच्या वर किंवा आरएससी (कॅल्शियम-मॅग्नेशियमला पुरून उरलेले कार्बोनेट) अडीचच्या वर गेलं, तर ते पाणी काळ्या रानाला देताना दहादा विचार करा. आरएससी जास्त असलेल्या पाण्यानं रान चोपण होत जातं, निचरा बसतो. पिण्याच्या यादीत पास झालेलं पाणीही इथं नापास होऊ शकतं.

नायट्रेटचं पाणी उसाला चालतं, पण ते खत म्हणून मोजा. ४५ नायट्रेट असलेल्या एक लाख लिटर पाण्यातून किलोभर नत्र रानात जातं, म्हणजे जवळपास सव्वादोन किलो युरिया. डोस ठरवताना तेवढा वजा करा. पुढच्या वर्षी नमुने घ्याल ते याच विहिरींचे, याच महिन्यांत. विहिरी बदलल्या तर ताळा कशाशी लावणार?